दोनशे बारावी पाटी

एक

चिनी प्रजासत्ताकाच्या एकशे पाचव्या वर्षी, म्हणजे इसवी सन दोन हजार सोळात, ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या तारखेस, गुरुवारी, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, कीलुंग शहराच्या माजी सैनिक व कुटुंब साहाय्य विभागाच्या चौथ्या मजल्यावरील स्मृतिदालनात एक नामपट अधिक आढळला. चांद्र पंचांगाप्रमाणे तो सातव्या महिन्याचा दुसरा दिवस होता. या महिन्यात मृत परत येतात असे मानतात; त्यांच्यासाठी दार उघडून एकच दिवस झाला होता.

‘अधिक’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतो. या विभागाचा अभिलेख निरीक्षक म्हणून तीस वर्षांत मी हरवलेल्या संचिका शोधल्या, पदके शोधली, एकदा एका सुभेदाराचा लाकडी पायही शोधला. कमी झालेल्या वस्तूमागे चोर असतो. वाढलेल्या वस्तूमागे कोण असतो, याचे उत्तर माझ्या नियमपुस्तकात नव्हते.

त्या दालनात सहा रांगांत वीतभर उंचीच्या लाकडी पाट्या उभ्या आहेत. ज्यांच्यामागे बायको नाही, मूल नाही, आणि समुद्रापलीकडे, चीनमध्ये मागे राहिलेल्या गावात नाव घेणारेही कोणी उरले नाही, अशा सैनिकांच्या त्या पाट्या. त्यांची संख्या दोनशे अकरा. त्यांची निगा राखणाऱ्या आ-मानबाई दारातच उभ्या होत्या. खिडकीबाहेर बंदर दिसत नव्हते. पाऊस आणि समुद्र यांमधली सीमा सकाळपासूनच पुसली गेली होती.

“मोजा तुम्हीच, येन साहेब,” त्या म्हणाल्या. “मी तीनदा मोजल्या. चौथ्यांदा मोजायची माझी छाती नाही.”

मी मोजल्या. दोनशे बारा.

आगंतुक पाटी शोधायला वेळ लागला, कारण ती कोपऱ्यात दडलेली नव्हती. तिसऱ्या रांगेच्या मध्यभागी, दोन जुन्या पाट्या अंगुळभर सरकवून, तिला व्यवस्थित जागा करून दिलेली होती. लाकूड मधासारखे गडद झालेले, कोपरे हाताळून गुळगुळीत, आणि वास उदबत्तीचा नव्हे, कापराचा. मध्यभागी सोनेरी अक्षरांत कोरले होते : दिंग को-शान, लायांग, शांतुंग प्रांत. खाली डाव्या अंगाला, जिथे पाटी वाहणाऱ्याचे नाव असते, तिथे लाल कागदाची अरुंद पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवरून मी बोट फिरवले. ती अपेक्षेपेक्षा जाड लागली, जुन्या पंचांगाच्या पुठ्ठ्यासारखी.

“दिंग को-शान,” मी म्हणालो. “डोंगरउतारावरचे दिंगकाका? काल त्यांची मुलगी खाली कागद द्यायला आली होती की.”

“आणि काका जिवंत आहेत. ब्याण्णव वर्षांचे. बोला आता.”

“हिच्यापुढे उदबत्ती कोणी लावली?”

“मीच. उभी आहे तर उपाशी कशी ठेवू?” बाईंनी हातातली रिकामी सुरळी मला दाखवली. “रोज दोनशे अकरा काड्या मोजून आणते, साहेब. आज दोनशे अकरा लावल्या. आणि एक माणूस उरला.”

दोन

संचालक चुंग हे निवृत्त कर्नल. त्यांच्या शर्टाची इस्त्री सातव्या महिन्यातल्या दमट हवेलाही दाद देत नसे. त्यांनी तातडीने बोलावून घेतलेली दिंगकाकांची मुलगी, दिंग पै-रू, त्या दुपारी त्यांच्यासमोर बसली होती. वय पन्नाशीचे, शाळेत गणित शिकवणारी, आणि त्या क्षणी गणिताशी कसलाही संबंध न उरलेली.

“बाबा कालपासून जेवत नाहीत,” ती म्हणाली. “नुसतं पेजेचं पाणी. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. पण थकलं ते कालच? ज्या दिवशी ही पाटी लागली त्याच दिवशी?”

“पाटी आज सापडली,” मी म्हणालो. “लागली कधी ते ठरायचंय.”

“शब्दांचा कीस काढू नका, येन साहेब. जिवंत माणसाचं नाव सोन्यानं लिहिलंय, मेल्यासारखं! वर लाल कागद चिकटवून जीव बांधलाय. माझ्या आजीच्या गावात असे मंत्र करायचे. बाबांना यातलं काही कळता कामा नये. कळलं तर ते जागच्या जागी जातील.”

“चावी कोणाकडे असते?” चुंग यांनी मला विचारले, उत्तर ठाऊक असताना.

“आ-मानबाईंकडे.”

“दुसरी?”

“नाही.”

“आणि त्या बाईंनी माझ्या बाबांचा भर समारंभात अपमान केलाय,” पै-रू म्हणाली. “वसंतातली पूजा आठवा. तक्रार मी लेखी दिली होती.”

चुंग यांनी पंचांग उघडले. “मंगळवार, नऊ तारीख, दुपारी बारा. दहनाला दिवस चांगला आहे. पुरोहिताला मी बोलावतो. येन, तोवर तुमचा अहवाल आला तर ठीक. नाही आला तर पाटी अंगणात जाळायची आणि बाई घरी. सातवा महिना आहे. बाहेर एक शब्द जाता कामा नये. कार्यालयातही नको.”

दालन कुलूपबंद, चावी एकीकडे, वैमनस्य सिद्ध : संचालकांचा तर्क नेटका होता. नेटक्या तर्काविषयी माझा अनुभव असा की, तो बहुधा एखादी गोष्ट बाहेर ठेवूनच नेटका झालेला असतो. इथे बाहेर राहिलेली गोष्ट ती पाटीच होती. तिच्याकडे सगळे बोट दाखवत होते. तिच्याकडे पाहत कोणीच नव्हते.

तीन

शुक्रवारी सकाळी मी दालनात गेलो तेव्हा आ-मानबाई पाट्या पुसत होत्या. प्रत्येक पाटी उचलताना त्या पुटपुटत, “जरा अंग उचला हं.” मी चुंग यांचा निर्णय त्यांना सांगितला. फडके थांबले नाही.

“नऊ वर्षं झाली मला इथे,” त्या म्हणाल्या. “नवरा गेला तेव्हा याच विभागानं उभं केलं. काढायचं तर काढा. पण जाळू नका म्हणावं. पाटी जाळायची म्हणजे माणूस दुसऱ्यांदा मारायचा.”

“माणूस जिवंत आहे, बाई.”

“तेच तर मला कळत नाही. खरं सांगू? हसू नका. ही खोली रोज जड असते. दार उघडलं की छातीवर बसते. परवापासून हलकी झालीय. कोणाची तरी वाट बघत होते सगळे, आणि तो आला, असं.”

मी हसलो नाही. त्या दालनात कोणी हसत नाही.

“बुधवारी, महिन्याच्या पहिल्या तिथीला, किती काड्या मोजल्या होत्या?”

“मोजल्याच नाहीत. पहिल्या आणि पंधराव्या तिथीला दालन सकाळभर उघडं असतं. म्हातारे स्वतः येतात, आपापल्या दोस्तांपुढे आपापली काडी लावतात. मी कोपऱ्यात बसते. त्यांच्या भेटीत लुडबूड कशाला?”

“आणि बंद करताना?”

“खिडक्या बघते, निखारे बघते. पाट्या कोण मोजतो? त्या काय पळून जाणार आहेत?”

इथे पहिली गाठ सुटली, आणि वाचकाने ती माझ्याबरोबर तपासून पाहावी. पाटी गुरुवारी सापडली म्हणून ती आदल्या संध्याकाळी बंद दारातून आली, असे सर्वांनी गृहीत धरले होते. वस्तुतः मोजणी होत नव्हती असा एकच दिवस होता, आणि त्याच दिवशी दार सर्वांना उघडे होते. चावीचा प्रश्नच निकालात निघाला. पाटी भुतासारखी भिंतीतून आलेली नव्हती. ती बुधवारी, भर सकाळी, कोणाच्या तरी रेनकोटाखालून जिना चढून आली होती. भेटवहीत त्या दिवशी एकोणीस नावे होती.

“वसंतपूजेत काय झालं?” मी विचारले.

“खुर्च्या वयाप्रमाणे मांडल्या होत्या. दिंगकाका ब्याण्णव, त्यांचे जुने दोस्त फानकाका एकोणनव्वद. दिंगकाकांना वरची खुर्ची. तर ते बसेचनात! म्हणे, फानदादांच्या वर मी कसा बसू? लहान पोरासारखे हट्टाला पेटले. मी म्हटलं, बसू दे खाली, त्यांना तेच आवडतं. झालं, पै-रूताईंचा पारा चढला.”

“‘फानदादा’ असं म्हणाले? नक्की?”

“नेहमीच म्हणतात. आणि फानकाका त्यांना म्हणतात ‘धाकल्या’. चेष्टेनं असेल.”

सैनिकांमध्ये सहा महिन्यांच्या अंतरावरून कोण आधी घास घेणार हे ठरते. तीन वर्षांनी मोठा माणूस लहानाला ‘दादा’ म्हणतो आणि सदुसष्ट वर्षे कोणी त्याला अडवत नाही, ही चेष्टा असू शकत नाही.

मी पाटीकडे वळलो. तिच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांची नावे टिपून घेतली आणि तळमजल्यावर जाऊन त्यांच्या संचिका काढल्या. दोघेही एकाच तुकडीतले, चीनच्या किनाऱ्यालगतच्या तिंगहाय बेटावरून अखेरच्या माघारीत इकडे यायला जहाजावर चढलेले. त्या तुकडीतले आज दोघेच जिवंत होते : फान ते-छांग आणि दिंग को-शान. बुधवारच्या भेटवहीत त्यांतले फान यांचेच नाव होते.

चार

रविवारी दुपारी मी डोंगरउतारावरच्या वस्तीत गेलो. पायऱ्यांवर शेवाळे होते. प्रत्येक दारापुढे सातव्या महिन्याचे ताट मांडलेले, आणि ताटांतल्या तांदळावर पावसाचे शिंतोडे पडत होते. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

“भेटायला आलोय एवढंच सांगा,” पै-रू दारातच कुजबुजली. “नियमित भेट म्हणून.”

दिंगकाका चाकांच्या खुर्चीत खिडकीपाशी होते. ब्याण्णव वर्षांच्या मानाने त्यांच्या मानेची कातडी घट्ट होती. आमच्या कार्यालयात त्यांच्या प्रकृतीचे कौतुक हा जुना विषय. शेजारच्या बाईने दिलेले वाफवलेले पाव ताटात तसेच पडून होते.

“खा ना, बाबा. निदान अर्धा.”

“नको गं.”

“तुमच्या आवडीचं तिखट बांबूचं लोणचं काढू?”

“आज नको.”

ती माझ्याकडे वळली. “तोंडी लावायला लोणचं लागतं आणि पोटाला भात. शांतुंगचा, पावावर वाढणाऱ्या मुलखातला माणूस, पण पाव कधी तोंडात घातला नाही. कणीक मळता येत नाही म्हणून फानकाका कायम टिंगल करतात. काय म्हणतात हो ते?”

“म्हणतात, लायांगची हवा लागलेला नाही हा, नुसता कागद लागलाय,” म्हातारा म्हणाला. त्याला थोडे हसू आले, आणि लगेच विझले.

भिंतीवर एक छायाचित्र होते : प्रजासत्ताकाच्या चाळिसाव्या वर्षीची, म्हणजे एकोणीसशे एक्कावन्नची तुकडी, तीन रांगांत. पुढच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर पै-रूने बोट ठेवले. नोंदवहीप्रमाणे तो त्या वेळी सत्तावीस वर्षांचा असायला हवा होता. गणवेशाच्या बाह्या त्याच्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या होत्या. त्याला अजून दाढीही फुटलेली नव्हती.

खोलीत कापराचा वास होता. तो पलंगाखालच्या जुन्या लाकडी पेटीतून येत होता. झाकण अर्धवट उघडे. आतल्या कपड्यांवर एक चौकोनी खळगा पडलेला, वीतभर लांबीचा. अनेक वर्षे तिथे काहीतरी निजले होते आणि नुकतेच उठून गेले होते.

मी निरोप घेतला. पै-रू छत्री आणायला आत गेली. म्हाताऱ्याने माझी बाही धरली. त्याचे हात थंड होते. डोळे मात्र, मला आश्चर्य वाटले, भ्यालेले नव्हते.

“साहेब, चौथ्या मजल्यावर पाऊस आत येतो का हो?”

“नाही. खिडक्या पक्क्या आहेत.”

“आणि तिसऱ्या रांगेत? तिथे ओल नाही ना?”

पाटीविषयी या घरात कोणी अवाक्षर काढले नव्हते. रांगेविषयी तर मी संचालकांनाही अजून सांगितले नव्हते.

पाच

फान ते-छांग रोज सकाळी बंदराजवळच्या सोयाबीनच्या दुधाच्या दुकानात बसत. सोमवारी मी त्यांच्यासमोर बसलो. बाहेर धुक्यात एका जहाजाचा भोंगा दर मिनिटाला कण्हत होता.

“येन, तू कोर्टात कारकून होतास तेव्हाही असाच बसायचास,” ते म्हणाले. “समोरच्याला आधी खाऊ घालायचं आणि मग फासावर चढवायचं.”

“फानकाका, बुधवारी रेनकोटाखाली काय होतं?”

त्यांनी पावाचा तुकडा दुधात बुडवला, वर काढला, आणि खाल्ला नाही.

“पोट होतं. म्हातारपणी सुटतं.”

“उद्या बारा वाजता ते पोट अंगणात जाळणार आहेत.”

त्यांनी पाव खाली ठेवला.

“काय म्हणालास?”

“पाटी म्हणजे करणी आहे असं ठरलंय. पै-रूनं मागणी केली, साहेबांनी मान्य केली. आणि करणीचा आळ आ-मानबाईंवर आहे. उद्यापासून त्यांची नोकरी नाही.”

“पै-रू जाळणार?” ते हळूच म्हणाले. “ती? त्याला?” मग टेबलावर मूठ आपटली, आणि पेले हादरले. “मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला? पाच दिवस! कार्यालय आहे का कबरस्तान?”

“सातव्या महिन्यात कोणी बोलत नाही, काका. आता तुम्ही बोला.”

त्यांनी पेला बाजूला सारला.

“वचन दिलंय,” ते म्हणाले. “मोडायचं तर दोघांना विचारायला हवं.”

“कोणा दोघांना?”

“एक जिवंत आहे, त्याच्याकडे आत्ता जातो.” ते काठी घेऊन उठले. “दुसरा हरकत घ्यायचा नाही. तो तिंगहायच्या धक्क्यावरच हो म्हणाला होता. म्हणजे, नाही म्हणाला नव्हता. बोलायला तोंड कुठे होतं त्याला तेव्हा?”

सहा

मंगळवारी पावणेबारा वाजता अंगणात छपराखाली लोखंडी पिंपात कोळसा फुलत होता. त्याची धग चौथ्या मजल्यावर पोचत नव्हती, वास पोचत होता. दालनात संचालक चुंग, पै-रू आणि आ-मानबाई होत्या. पुरोहिताला मी जिन्यात थांबायला सांगितले होते.

“अहवाल?” चुंग म्हणाले.

“तोंडी देतो. लेखी द्यायचा की नाही, ते तुम्ही ऐकून ठरवा.”

काड्यांचा हिशेब मी प्रथम सांगितला, त्यामुळे चावीचा मुद्दा बाद झाला. मग तिसऱ्या रांगेकडे वळलो.

“करणी करणारा वस्तू लपवतो. उंबऱ्याखाली पुरतो, अडगळीत टाकतो. इथे तर पाटीला तिच्या तुकडीतल्या दोन सोबत्यांच्या मध्ये जागा करून दिलीय. एवढ्या मायेनं कोणी शाप ठेवतं का?”

“आणि हा लाल कागद?” पै-रू म्हणाली. “ही माया?”

“त्याच्याकडेच येतोय, ताई. माझे वडील गेले तेव्हा आईचं नावही त्याच दगडावर कोरलं. ती अकरा वर्षं मागे राहिली. अकरा वर्षं तिच्या नावावर लाल कागद होता, दर नव्या वर्षी नवा. ती गेली त्या दिवशी आम्ही तो काढला. तुमच्याही आजोळच्या थडग्यावर पाहिला असेल. लाल कागद जीव बांधत नाही. तो एवढंच सांगतो की, याची वेळ अजून आलेली नाही.”

“मग?”

“मग ही पाटी सरळ वाचा. सोन्याचं नाव उघडं आहे : तो माणूस मेलेला आहे. लाल कागदाखाली वाहणाऱ्याचं नाव आहे : तो जिवंत आहे. पाटीनं पहिल्या दिवसापासून हेच सांगितलं. आपण उलटं वाचलं, कारण आपल्या नोंदवहीत दिंग को-शान जिवंत आहे. पाटी आणि नोंदवही यांत एक खोटं आहे, आणि पाटीच खोटी, असं आपण न विचारता धरून चाललो.”

चुंग पाटीजवळ आले. मी त्यांच्या हाती भिंग दिले.

“पट्टीची कड पाहा. थर दिसतात का?”

ते वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

“पुष्कळ आहेत.”

“मी त्रेपन्न मोजले. दर नव्या वर्षी एकावर एक. करणीला एक कागद पुरतो. त्रेपन्न वर्षं कोणीतरी ही पाटी कापराच्या पेटीत जपली, पुसली, आणि दर वर्षी स्वतःच्या नावावर कागद लावून तिला सांगितलं की, मी अजून आहे. आ-मानबाई इथे नऊ वर्षांपूर्वी आल्या.”

पै-रू आता पाटीकडे पाहत होती. ती गणिताची शिक्षिका होती. कापराच्या पेटीशी ती माझ्याआधीच पोचली असावी.

“कागदाखाली कोणाचं नाव आहे?” तिने विचारले.

त्याच वेळी लिफ्टचे दार उघडले. फानकाका चाकांची खुर्ची ढकलत आत आले. खुर्चीत तिचे वडील होते, अंगावर जुना गणवेश. त्याच्या बाह्या आता मापाच्या होत्या.

“बाबा! तुम्ही इथे कशाला? हे बघू नका!”

“मीच पाठवलीय ती, पै-रू.”

त्यांनी संचालकांना बसल्या बसल्या सलाम केला.

“साहेब, माझं नाव थान शुइ-शंग. हुनान प्रांत. वय त्र्याऐंशी. पंधराव्या वर्षी भाताच्या खाचरातून उचलून आणलं मला. दिंग को-शान माझ्याशेजारी निजायचा. पंचवीस वर्षांचा, मोठा गमत्या. मला थंडी वाजायची म्हणून आपली गोधडी द्यायचा. तिंगहायच्या धक्क्यावर तापानं गेला. दुपारी हजेरी होती. यादीत शंभर नावं, आणि माणसं शंभर भरली तरच तुकडी जहाजावर. माझं नाव तर कुठल्या यादीत नव्हतंच. सार्जंट म्हणाला, तू दिंग को-शान. मी ‘हजर’ म्हणालो. तो माझ्या पायाशी पडला होता अजून. त्याच्या अंगावरून पाय टाकून पुढे गेलो आणि ‘हजर’ म्हणालो.”

फानकाका खुर्चीमागून पुढे आले.

“मी होतो तिथे,” फानकाका म्हणाले. “आठ पावलांवर. धाकल्याच्या मागे आता मी एकटाच साक्षीदार उरलोय. आणि मीही काही फार दिवस पुरणारा नाही.”

“सदुसष्ट वर्षं रोज वाटायचं, आज पकडतील,” म्हातारा पुढे म्हणाला. “खोट्या नावाला फौजी न्यायालय. म्हणून पाटी करायलाच चौदा वर्षं लागली, आणि केली ती पेटीत ठेवली. पण आता डॉक्टर म्हणतात, थोडे दिवस. मी मेलो की पै-रू ‘दिंग को-शान’ म्हणून मला जेवू घालणार. त्याच्या नावानं मी जगलो; मेल्यावरही त्याच्या ताटात मीच जेवू? मग त्याचं काय? त्याची माणसं इथे आहेत. त्याला इथे पोचवायचं होतं.”

“आणि जेवण का टाकलंत?” पै-रूने विचारले.

“सुतक आहे गं. त्या वेळी पाळायला मिळालं नाही. बुधवारी पोचवलं, आज सातवा दिवस.”

त्यांनी हात पुढे केला. आ-मानबाईंनी दोन्ही हातांनी पाटी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली, “जरा अंग उचला हं” म्हणत. त्यांनी रांगेपुढे ठेवलेल्या चहाच्या पेल्यात बोट बुडवले, लाल कागद भिजवला, आणि नखाने सोलू लागले. थरामागून थर निघाले. वरचे भडक, मधले विटकरी, सगळ्यांत खालचे वाळक्या पानाच्या रंगाचे. मग अक्षरे आली : धाकटा भाऊ थान शुइ-शंग याने वाहिली.

“मग मी कोण?” पै-रू म्हणाली. “माझ्या प्रत्येक कागदावर दिंग आहे. मी कोण, बाबा?”

“तू पै-रू. ते नाव मी ठेवलंय. ते उसनं नाही.”

ती खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर, पाटीशेजारी, कपाळ टेकले. थोड्या वेळाने ती उठली, पेल्यातला उरलेला चहा बाजूला ठेवून नवा ओतला, आणि तो पाटीपुढे धरला. “मोठे काका,” ती पाटीला म्हणाली.

म्हातारा मात्र संचालकांकडे पाहत होता. त्याच्या नजरेत ती सदुसष्ट वर्षांची भीती आता प्रथमच उघड दिसली.

“शिक्षा काय, साहेब?”

चुंग खिडकीशी गेले. बंदरावरचा पाऊस अजून पडतच होता. त्यांनी खाली वाकून अंगणातल्या शिपायाला पिंप विझवायला सांगितले, खिडकी लावली, आणि परत आले तेव्हा त्यांच्या आवाजात कर्नलाचा हुकूमच होता.

“येन, फान यांचा जबाब आजच घ्या. थान शुइ-शंग यांच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज मी स्वतः वर नेतो. सार्जंटनं नाव दिलं, पोरानं हजेरी दिली, आणि पुढे सगळी नोकरी खरी केली. यात शिक्षा करण्यासारखं मला काही सापडत नाही.”

फानकाकांनी खिशातून फडक्यात बांधलेला वाफवलेला पाव काढला, अर्धा मोडून पाटीपुढे ठेवला आणि अर्धा म्हाताऱ्याच्या हातात दिला. “खा आता, धाकल्या. लायांगचा आहे असं समज.”

आ-मानबाई दारापाशी उभ्या होत्या. आपल्याविषयी काय ठरले ते त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनी विचारलेही नाही. त्यांनी वेगळेच विचारले.

“साहेब, उद्या काड्या किती काढू?”

“दोनशे बारा,” संचालक म्हणाले.